भांड्याच्या बुडावरचं नाव

माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा मूर्खपणा एका वाटीएवढा आहे. खरोखरच्या वाटीएवढा. स्टीलची, वरणाची, मध्यम आकाराची वाटी. त्या वाटीवर एका माणसाला मी त्याचं स्वतःचं नाव घालायला लावलं. तेही बुडाला नाही, बाहेरून, काठाखाली, लांबून वाचता येईल असं. तेव्हा मी तिशीतली होते, नगरपालिकेच्या शाळेत चौथीला शिकवत होते, आणि देवानं गावाला अक्कल वाटली ती माझ्याच हातून, अशी माझी पक्की समजूत होती. नातीला हे सांगितलं तर ती म्हणते, "आजी, समजूत अजून तशीच आहे तुझी." असेल बाई. आता निदान घ्यायला कोणी येत नाही.

त्या माणसाचं नाव मी इथे लिहिणार नाही. आमच्या गावात ते इतक्या ठिकाणी लिहिलेलं आहे की आणखी एका जागेची गरज नाही. गावाचंही सांगत नाही. दारव्ह्याला जाणारी काळी-पिवळी जीप आधीच भरलेली असताना आणखी दोघांना कोंबायला जिथं थांबते, त्यातलं एक, एवढं पुरे.

आम्ही सगळे त्यांना भाऊ म्हणायचो. बाजाराच्या रस्त्यावर त्यांचं भांड्यांचं दुकान. माणूस बुटका, कानावर पेन्सिल, शर्टाच्या खिशात लवंगा. गिऱ्हाइकानं भांडं उचललं की भाऊ ते त्याच्या हातातून काढून घेत, बोटाच्या पेरानं टकटक करत आणि डोळे मिटून ऐकत. आवाज पटला तर मान डोलवत. नाही पटला तर स्वतःच्याच मालाला नावं ठेवत. "हे नको नेऊ माय, बद्द वाजते. याच्यात वरन लागन खाली." घेतलेलं भांडं रिकामं कधी हातात देत नसत. चिमूटभर साखर टाकायची, मगच द्यायचं. त्यामुळे आमच्या गावातली पोरं भांडी आणायला एका पायावर तयार असत.

पण त्यांचं खरं वेड निराळं होतं. तेव्हा भांड्यांवर नावं छिन्नीनं हातानं घालत. लग्नाचा संच घ्यायला बाप आला की तो सांगे, लिहा, मामाकडून सप्रेम भेट, आत्याकडून सप्रेम भेट. भाऊ ते मोठ्या अक्षरांत वर लिहून देत. मग भांडं मांडीवर घेऊन विचारत, "आता पोरीचं नाव सांगा."

"तिचं कायले?"

"मले लागते."

आणि भांडं पालथं करून बुडाच्या गोलात, मोहरीच्या दाण्याएवढ्या अक्षरांत, ते मुलीचं माहेरचं नाव घालत. कोणी सांगितलेलं नसे. कोणी अडवलं तर म्हणत, "वर मामा राहू द्या की. भांडं तं पोरीचंच हाय."

माझ्या लग्नातली भांडी त्यांच्याच दुकानातली. आमच्याकडे लग्नात नवरीचं नाव बदलतात, ताटातल्या तांदळांवर अंगठीनं नवं नाव लिहितात. माझंही बदललं. महिन्याभरानं सासूबाई वरणाचा मोठा गंज राखेनं घासत होत्या, तिथूनच ओरडल्या, "काय वं, हे कोनाचं भांडं उचलून आनलं? ही कोन बाई हाय?"

मी म्हटलं, "मीच."

त्या दिवशी सासरी जे व्हायचं ते झालं. दुसऱ्या दिवशी मी तणतणत दुकानात गेले. म्हटलं, भाऊ, तुमच्यामुळे आमच्या घरात भांडण झालं. त्यांनी छिन्नीवरून नजरही उचलली नाही. म्हणाले, "भांडन झालं ना? म्हनजे वाचलं कोनीतरी."

मला तेव्हा हा माणूस तऱ्हेवाईक वाटला. शिकलेल्या बायकांना बरेच लोक तऱ्हेवाईक वाटतात.

मग आमच्या शेजारची लीला लग्नानंतर वर्षाच्या आत परत आली. अंगावरच्या लुगड्यानिशी. भांडी मागायला गेलं तर सासरचे म्हणत, भांडी आमचीच आहेत, मामाचं नाव आहे ना वर, मग मामानं येऊन सांगावं. मामा वारलेला. लीलाच्या वडिलांनी चार माणसं गोळा केली, आणि मी शिकलेली म्हणून मलाही जीपमध्ये घातलं. भाऊंना कोणी बोलावलं नव्हतं. ते आपणहून येऊन ड्रायव्हरशेजारी बसले.

तिथं सगळे एकदम बोलत होते. भाऊंनी चहा घेतला, बशी पुसून खाली ठेवली आणि दाराशी उभ्या असलेल्या लीलाला म्हणाले, "माय, तू सांग. तुही भांडे कोनते कोनते?"

लीलानं फळीवरच्या एका डब्याकडे बोट दाखवलं. भाऊंनी तो उतरवला आणि तिच्या सासऱ्यापुढे धरला. "पालथं करून पाहा." सासऱ्यानं पाहिलं. लीलाचं नाव. तिनं परातीकडे बोट दाखवलं. "पालथं करून पाहा." लीलाचं नाव. ती बोट दाखवी, भाऊ उतरवत, सासरा वाची. सातव्या-आठव्या भांड्याला सासरा खाली बसला. "घेऊन जा बाप्पा सगळं," म्हणाला, "आता माह्या डोक्यावर लिहाचं बाकी हाय."

त्या आठवड्यात आमच्या गल्लीत घरोघरी भांडी पालथी झाली. चाळिशीच्या बायका चष्मा लावून गंजाच्या बुडाला आपलं जुनं नाव वाचत होत्या. माझ्या सासूबाईंनीही एक तांब्या उजेडात नेला. त्यांची भांडी भाऊंच्या वडिलांच्या काळातली, त्यावर काही नव्हतं. तांब्या जागेवर ठेवून त्या म्हणाल्या, "आमच्या वक्ती नव्हता हा येडा."

तर अशा माणसाला नगरपालिकेत पाठवायला हवं, ही कल्पना कुणाला सुचली? मला. मी गल्लीतल्या पंधरा बायका घेऊन दुकानात गेले. भाऊ म्हणाले, "मले भाषन येत नाही. मले भांडं वाजोता येते."

"तेच तर पाहिजे," मी म्हटलं. इथवर मी चुकले नव्हते, असं मला अजूनही वाटतं.

संक्रांत जवळ आली होती. समोरच्या उमेदवाराच्या घरी हळदीकुंकवाला प्लॅस्टिकचे डबे वाण म्हणून वाटणार, अशी बातमी आली. मी भाऊंकडे धावले. वहिनींच्या नावानं हळदीकुंकू करू, स्टीलच्या वाट्या देऊ, आणि त्यावर तुमचं नाव घालू.

भाऊ हसायलाच लागले. "भांड्यावर माह्यं नाव? मी काय नवरी हावो काय, बाई?"

"साऱ्या गावाची नावं घातलीत. एकदा स्वतःचं घाला. बिघडलं कुठे?"

त्यांनी वाटी घेतली. पेरानं वाजवली. बराच वेळ नुसती हातात फिरवत राहिले. मग सवयीनं पालथी केली आणि बुडाला नाव घालायला लागले. लाजत होते, खरं सांगते. पन्नाशीचा माणूस, कान लाल झाले होते.

मी वाटी हिसकावून सरळ केली. "खाली नाही, भाऊ. वर. दिसलं पाहिजे."

वहिनी आतून तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "दिसाले कायले पाह्यजे? बाया ओळखत नाही का याले?" मी त्यांच्याकडे दयेनं पाहिलं. त्या सातवी शिकलेल्या होत्या.

भाऊंनी वर नाव घातलं. वाटी हातभर लांब धरली, मग आणखी लांब धरली. "पाह्य बरं बाई," म्हणाले, "बरं दिसते का?" मी म्हटलं, फार छान दिसतं. तेव्हा मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहायला हवं होतं. मी वाटीकडे पाहत होते.

एक गोष्ट मात्र त्यांची. वाण सवाष्णींनाच द्यायचं असतं. भाऊ म्हणाले, "कुकू ज्याले लागते त्याले लागो, वाटी सगळ्याईले. विधवा बाया काय वरन खात नाहीत?" भीमनगरातल्या बौद्ध बायका हळदीकुंकवाला येत नसत, तर वहिनी स्वतः टोपली घेऊन त्यांच्या घरी वाट्या पोचवून आल्या. भाऊ निवडून आले. मी पेढे वाटले, जणू मीच निवडून आले होते.

पहिली दोन-तीन वर्षं मोठी गंमत होती. नवी भिंत झाली, नाली झाली, टाकी झाली की भाऊ तिथं जाऊन पेरानं वाजवत. आमच्या शाळेची एक नवी खोली झाली, त्या दिवशी ठेकेदार हार घेऊन उभा होता. भाऊंनी भिंतीला कान लावला, टकटक केली, डोळे मिटले. "बद्द वाजते," म्हणाले. "पाडा." ठेकेदाराला वाटलं गंमत करतात. खरंच पाडायला लावली. माझ्या वर्गातली पोरं महिनाभर एकमेकांच्या डोक्यावर टकटक करून "बद्द वाजते, पाडा" म्हणत होती.

पुढे ते नगराध्यक्ष झाले. भाऊचे भाऊसाहेब झाले. मग बसस्थानकाबाहेरच्या सिमेंटच्या बाकांवर त्यांचं नाव आलं. थंड पाण्याच्या टाकीवर आलं. स्मशानाच्या कमानीवर आलं. स्वर्गरथ आला, त्याच्या दोन्ही बाजूंना आलं. म्हणजे आमच्या गावात माणूस बसला तर भाऊंच्या नावावर बसे, पाणी प्याला तर त्यांच्या नावाचं पिई आणि मेला तर त्यांच्या नावात बसून जाई. बाकांपैकी एक पहिल्याच वर्षी मधोमध चिरला. तो त्यांनी वाजवून पाहिला नव्हता. उद्घाटनाला मी होते. पाहिलं मी, त्यांचा हात खिशातच होता.

दुकानात मुलगा बसू लागला होता. छिन्नी गेली, घुर्र करणारं यंत्र आलं. दुकानातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक भांड्यावर शुभेच्छांसह भाऊसाहेबांचं नाव पडू लागलं, छापखान्यासारखं. बुडाला कोण पाहतो? भाऊ तर यवतमाळात सभेला.

मीही पाहिलं नाही. हे लिहायला हात जड होतो, पण लिहिते.

आमच्या गावाजवळ बंजारा तांडा आहे. तिथली वंदना माझी विद्यार्थिनी. चौथीत वर्गात शेवटी बसायची, बोलायची फार कमी, पण विचारलं की उत्तर अचूक. तिचं लग्न मारेगावकडच्या एका मुलाशी ठरलं. मुलगा यवतमाळच्या लोहाऱ्याला कारखान्यात कामाला होता. तिची आई, तिला ती याडी म्हणे, भांडी घ्यायला चालली होती. मी ऐटीत सांगितलं, "भाऊंच्याच दुकानातून घ्या. पोरीचं नाव बुडाला असतं. कधी वेळ आली तर पुरावा असतो."

वेळ दोन वर्षांत आली. वंदना एका पिशवीनिशी परत आली. का आली ते ती सांगत नव्हती, आणि हाताकडे पाहिल्यावर विचारायची गरज नव्हती. भांडी आणायला तिचे आईवडील तिला घेऊन निघाले. मी म्हटलं, मी येते. मला माहीत आहे हे कसं करायचं असतं.

काय रुबाबात मी त्या घरी गेले! इस्तरीची साडी, हातात पर्स. फळीवर तेवीस भांडी ओळीनं मांडलेली. वंदनाचा सासरा खाटेवर बसून खर्रा चघळत होता. मी बशी पुसून खाली ठेवली, अगदी भाऊंसारखी, आणि मोठ्यानं म्हटलं, "पालथी करा."

"कायले?"

"करा तर."

पहिला डबा मीच उतरवला, पालथा केला. बुड कोरं. परात उतरवली. कोरी. गंज, गडवा, पातेली. मी एकेक पालथं करत होते. तेवीसच्या तेवीस कोरी. आणि सरळ केली की प्रत्येकावर काठाखाली, ठळक, सुबक, लांबून वाचता येईल असं भाऊंचं नाव.

सासऱ्यानं एक डबा हातात घेतला, डोळे बारीक करून वाचलं आणि खो खो हसला. "हे तं तुमच्या नगराध्यक्षाचे भांडे हायेत, मास्तरीनबाई. त्याची पोरगी देली का आमाले?"

अख्खं घर हसलं. परत येताना जीपमध्ये याडीनं माझ्याकडे पाहिलंही नाही.

मी तशीच नगरपालिकेत गेले. भाऊंच्या खोलीत दहा माणसं होती. त्या सगळ्यांच्या देखत मी बोलले. जे बोलले त्यातलं अर्धं मी स्वतःला बोलायला हवं होतं. वाटीचं मी काही काढलं नाही, ते सोयीस्कर विसरले होते. भाऊ ऐकत होते. माझं झाल्यावर त्यांनी एकच विचारलं.

"पोरगी काय म्हने?"

"ती काय म्हणणार? ती गप्प उभी होती."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि समोरची फाईल मिटली. मला वाटलं, टाळताहेत. पुढारी झाला की माणूस असाच टाळतो, असं मी घरी येऊन सगळ्यांना सांगितलं.

पुढच्या वेळी नगराध्यक्षपद महिलांसाठी राखीव झालं. पक्षाच्या लोकांनी सुनेला उभं करा म्हटलं, भाऊ नाही म्हणाले, आणि दोन महिन्यांत लोक त्यांना रस्त्यात ओळखेनासे झाले. बाकांवर मात्र नाव तसंच. ते परत दुकानात येऊन बसले, कोपऱ्यात, यंत्रापासून लांब. एक दिवस त्यांनी मला निरोप पाठवला. गेले तर समोर कोरा कागद. "वंदना कसं लिहाचं ते मोठं लिहून दे, बाई. डोळे गेले माहे."

मी लिहून दिलं. त्यांनी जुनी छिन्नी काढली होती. एकेक अक्षराला ते इतका वेळ घेत की मला पाहवेना. मी उठून आले. तीन महिने लागले त्यांना. तेवीस नवी भांडी. सगळ्यांच्या बुडाला वंदना, वाट चुकलेल्या मुंग्यांसारखं. वर काही नाही.

गाडी मुलाकडे होती, पण भाऊ ती भांडी पोत्यांत भरून काळी-पिवळीनं तांड्यावर गेले. मला बरोबर नेलं नाही. वंदना तेव्हा एसटीच्या भरतीची तयारी करत होती. नंतर याडीनं सांगितलं ते असं. भाऊंनी भांडी खाटेवर मांडली, तिला म्हणाले, "पालथं करून पाह्य." तिनं सगळी पाहिली. मग पाण्याचा एक गडवा उचलून घेतला आणि म्हणाली, "बाबा, मले हा पुरे. बाकीचं घेऊन जा." भाऊंनी आग्रह केला नाही. बावीस भांडी परत आली. ती विकता येईनात, कारण बुडाला नाव. दुकानाच्या मागच्या फळीवर ती तशीच राहिली, आणि भाऊ रोज त्यांच्यावरची धूळ पुसत.

त्यानंतर मी दुकानात जाणं कमी केलं. कामं होती, असं म्हणायची. कामं कसली, निवृत्त बाईला?

मागच्या हिवाळ्यात भाऊ गेले. शेवटी स्वतःच्याच नावाच्या स्वर्गरथातून गेले. दोन्ही बाजूंनी नाव, रंग उडालेला. बाजाराच्या रस्त्यावर दुकानं अर्धी उघडी होती. पण बायका ओट्यावर आल्या होत्या. म्हाताऱ्या बायका. एकीच्या हातात गंज होता, घासता घासता उठून आली असावी.

तेरवीला गर्दी नव्हती. वंदना आली, खाकी कपड्यांत, ड्यूटीवरून सरळ. आता ती एसटीत कंडक्टर आहे. मोठ्यानं बोलते, शिट्टी मारते, दांडग्या पुरुषांना मागे सरकवते. जेवणानंतर आम्ही दोघी दुकानाच्या पायरीवर बसलो. आत मुलगा त्या बावीस भांड्यांचं काय करावं म्हणून तिच्याकडे पाहत होता.

तिशीत वाटली ती अक्कल आता मला मागे घ्यायची होती. मी तिला सगळं सांगितलं. वाटीचं सांगितलं. भाऊ बुडाला लिहीत होते, मी वर लिहायला लावलं, तिथून त्यांना ती चटक लागली, तिथून खालची नावं बंद झाली, म्हणून तुझी भांडी गेली. चूक त्यांची नव्हती, माझी होती. इतकी वर्षं मनात होतं, म्हटलं. मला वाटलं ती म्हणेल, जाऊ द्या बाई. मी त्यासाठीच सांगत होते बहुतेक.

वंदनानं तिकिटांची पेटी मांडीवर घेतली. मग माझ्याकडे वळून म्हणाली,

"बाई, तेवीस भांडे पालथे करकरून तुमी माह्यं नाव पाहून राह्यल्या होत्या. मी तुमच्या मांगंच उभी होती. मलेच काहून नाही इचारलं?"